पी डॅश

रावपुऱ्यात, टॉवरपासून चौथं दुकान माझं.
झेरॉक्स, बाइंडिंग, लॅमिनेशन.
एका पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.

कोर्डेकाका सकाळी यायचे, शटर अर्धं वर असताना.
प्रतापनगरला रेल्वेच्या हिशेबखात्यात
बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या, म्हणायचे,
आता एक माझी.
एकोणीस पानं, निळी शाई, समास पट्टीने आखलेला.
स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज
जिची तिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या.
सहा. अठ्ठावीस. मग एकदम चारशे शहाण्णव.
सगळ्या सम.
विषम एकही नाही, कधी असणारही नाही,
हे त्यांनी सिद्ध केलं होतं
पेन्शनच्या तिसऱ्या वर्षी, गॅलरीत बसून.

सुर्वे सर संध्याकाळी, सेव-उसळीची पिशवी सावरत.
त्यांचं उत्तर टाइप केलेलं, सव्वा पान,
शेवटचं वाक्य दरवेळी तेच:
लेखकाने आधी पाठ्यपुस्तक वाचावे.

दोघांनाही पाच-पाच प्रती लागायच्या,
कारण वाचनालयातल्या मंगळवारच्या मंडळात
उरलेल्या तिघांनाही कळायला हवं
कोण चुकतंय.

सरांनी लिहिलं: पान अकरा, ओळ नऊ.
हा पी डॅश कुठून आला? व्याख्या कुठे आहे?
काकांनी लिहिलं: कुठला पी डॅश? माझ्या कागदावर नाही.
सरांनी लिहिलं: डोळे तपासून घ्या.
काकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सर्टिफिकेट जोडलं.
त्याच्याही पाच प्रती.

मे गेला, जून गेला.
मंडळातल्या चिटणीसबाईंनी मंगळवारचा चहा बंद केला.

रक्षाबंधनाच्या आदल्या दिवशी काच पुसताना
एक ठिपका स्पिरिटलाही दाद देईना.
वाळलेला डिंक, तिळाएवढा, तिरका.
ब्लेडने खरवडला, आणि मग हात थांबला.
रद्दीतलं अकरावं पान काढून काचेवर पालथं घातलं.
बरोबर नववी ओळ, पीच्या खांद्यावर.
बाकी पानांवर तो कोऱ्या जागेत पडायचा.
सरांच्या पत्रात तर स्वल्पविराम म्हणून खपून गेला होता.

चार दिवस मी गप्प राहिले.
खोटं कशाला सांगू,
त्या दोघांच्या कागदांवर माझं लाइटबिल निघत होतं.

पाचव्या दिवशी दोघांना एकाच वेळी बोलावलं.
काचेवरची जागा दाखवली.
काका माझ्याकडे बघत राहिले.
सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
'म्हणजे पी साधाच.'
'साधाच. पहिल्यापासून.'

मला वाटलं, आता हात मिळवतील, निदान चहा मागवतील.
सर स्टुलावर बसले. ओळ नऊ परत वाचली,
या वेळी पी साधा धरून,
आणि बोट दहाव्या ओळीवर थांबलं.
'कोर्डे, हे दोन तुम्ही सहमूळ धरलेत.'
'दिसतंच आहे ते.'
'दिसत नाही. त्यांच्यात सामाईक अवयव असू शकतो.'
'कुठला?'
'मला काय माहीत कुठला. असू शकतो.'

एक मुलगा येऊन आधार कार्डाची पुढची-मागची बाजू काढून गेला.
एक बाई भाडेकराराच्या तीन प्रती घेऊन गेल्या.
हे दोघं त्याच ओळीवर.
'तीन महिने,' काका म्हणाले,
'तीन महिने तुम्ही शेजारच्या ओळीवर भांडत होतात.'
'तुम्ही पण.'

काकांनी एकोणीस पानं गोळा केली, अकरावं वर ठेवून.
झेरॉक्स नको म्हणाले.

रात्री शटर ओढण्याआधी
वाया गेलेल्या एका कागदाच्या पाठीवर
मी नऊशे पंचेचाळीस घेतला.
काकांनीच कधीतरी सांगितला होता, बघ करून म्हणून.
एक, तीन, पाच, सात, नऊ, पंधरा,
तीनशे पंधरापर्यंत सगळे एकाखाली एक मांडले.
नऊशे पंचाहत्तर.
तीस जास्त.
परत केली बेरीज, खालून वर.
तीसच.
कागद फेकला नाही.